तीन घरचा चहा

माझी धाकटी बहीण सातवीत होती त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता, तिची आठवी. वस्तीतली महापालिकेची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढचं हायस्कूल रुळांच्या पलीकडे. आमच्या दारात उभं राहिलं की त्याचं कौलारू छप्पर दिसायचं, इतकं ते जवळ. पण मधे रूळ होते आणि रुळांवर मालगाड्या. कन्हानकडून आलेले कोळशाचे डबे वस्तीमागे येऊन उभे राहत. ते कधी हलतील हे कोणी सांगू शकत नसे. फाटक लांब, पार बाजाराच्या टोकाला. म्हणून पलीकडे जाणारी माणसं डब्यांखालून वाकून जात. आठवीपासून मॅट्रिकपर्यंत मीही तशीच गेले. आधी दप्तर सरकवायचं, मग आपण.

त्या हिवाळ्यात वस्तीतली एक मुलगी डब्याखाली असताना गाडीला झटका बसला. मुलगी वाचली, तिच्या परकराचा काठ मात्र चाकाखाली राहिला. मिलची पहिली पाळी संपवून येणाऱ्या माझ्या वडिलांनी ते डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता ते म्हणाले, "लहानी रुळाच्या पलीकडे जानार नाही. सातवी झाली, बस झाली."

"अन् मोठी गेली ते?" आईने विचारलं.

"मोठी गेली तवा म्या पाह्यलं नव्हतं."

आई बिड्या वळायची. तिच्या शेजारी बसून बहिणीने कात्री घेतली आणि तेंदूची पानं कापायला लागली. तिचा हात चांगला चालत होता. मला त्याचीच भीती वाटली.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्गात मी मागच्या बाकावर बसे, आणि सरांनी विचारलं तर उत्तर येत असूनही माझा हात अर्ध्यावरच थांबे. त्या वेळी मताला एकवीस वर्षं पूर्ण लागत. मॅट्रिकला गणितात एकदा आपटी खाल्ली असल्यामुळे मला ती पूर्ण झाली होती. महापालिकेची निवडणूक जाहीर झाली आणि मतदारयादीत माझं नाव निघालं. त्याच सुमारास राज्यशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं, की मत देण्याआधी उमेदवाराला प्रत्यक्ष भेटावं, आपला प्रश्न विचारावा, हे नागरिकाचं कर्तव्य आहे. सरांनी ते परीक्षेत लिहिण्यासाठी सांगितलं होतं. बाकीच्यांनी ते वहीत उतरवलं. मी ते करायला निघाले.

प्रश्न माझ्याकडे होताच. आमच्या शाळेत आठवी उघडाल का?

वॉर्डात उमेदवार तीन. एक लाकडाची टाल असलेले शेठ, एक वकीलसाहेब, आणि तिसऱ्या, एका मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, त्या अपक्ष होत्या, निशाणी छत्री. मी एकटीने जाणं घरात चाललं नसतं, म्हणून बहिणीला बरोबर घेतलं. वडील पाळीवर होते. आईला मी "जाऊन येतो" एवढंच सांगितलं.

शेठ टालीमागच्या घरात, झोपाळ्यावर बसले होते. आम्हाला दारात बघून त्यांनी आत बोलावलं आणि खुर्च्या दिल्या. माझा प्रश्न अर्धा होईपर्यंत त्यांचं उत्तर पूर्ण झालं होतं.

"अरे बेटी, आठवी काय, दसवी खोलू! तू फिकर करू नको. चाय पियो."

चहा आला. आम्ही प्यालो. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दारातल्या माणसाला माझ्या वडिलांचं नाव विचारून घ्यायला सांगितलं. मला वाटलं, किती आस्थेने विचारतात.

वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात पुस्तकांची कपाटं होती. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मी मतदार आहे."

"ते ठीक. पण किती मतं आहेत तुमची?"

"माझं एक."

"अन् मी अजून लहान आहो," बहीण म्हणाली.

वकीलसाहेब हसले. मग त्यांनी शिक्षणाच्या प्रसारावर बरंच सांगितलं. ते ऐकायला छान होतं. शेवटी आठवीबद्दल ते म्हणाले, "या विषयाचा आम्ही सहानुभूतीने विचार करू." तिथेही चहा झाला, बरोबर बिस्किटं. बहिणीने बिस्किट बुडवलं, ते कपात पडलं, आणि चमचा मागायची लाज वाटून तिने ते बोटाने काढलं.

मुख्याध्यापिकाबाई घरी नव्हत्या. त्या प्रचाराला पायीच गेल्या होत्या. त्यांच्या सुनेने आमचा प्रश्न नीट ऐकून घेतला, "सांगते त्यांना" म्हणाली आणि बसवून घेतलं. तिसरा चहा. नको म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. बहिणीला तसं काही वाटलं नव्हतं, पण तिथे खारी होती.

आम्ही घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. मी फार खुशीत होते. तीन घरी गेले, तिन्ही घरी प्रश्न विचारला, आवाज फुटला. वडील दारात उभे होते. रोज या वेळी ते वस्तीतल्या बुद्धविहारात असत. तिथे पेटी वाजवणारे तेच, आणि त्यांच्याशिवाय गाणं सुरू होत नसे. त्या दिवशी ते गेले नव्हते.

"कुठं गेली व्हती?"

मी सांगितलं.

"चाय पेली?"

"पेली."

"तिन्ही घरी?"

"खारीबी व्हती," बहीण म्हणाली. आईने तिला आत ओढलं.

वडील खाली बसले. "काहून पेली वं बाई? तुले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या वस्तीत मत देण्याची एक रीत होती. निवडणूक आली की आमचे पंच, ज्यांना सगळेच आजोबा म्हणत, ते चार जाणत्या माणसांना घेऊन एका उमेदवाराच्या घरी जात. तिथे चहा होई. परत आल्यावर विहाराच्या ओट्यावर ते एवढंच सांगत, "चाय पेऊन आलो." म्हणजे शब्द दिला. मग सगळी वस्ती त्याच निशाणीवर शिक्का मारी. दुसऱ्या कोणाच्या घरचं मग पाणीही घेत नसत. पण ही रीत पंचांची, मोठ्या पुरुषांची, असं मी धरून चालले होते. कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीच्या चहाला कोण विचारतं?

विचारलं होतं. शेठचा माणूस दुपारीच पंच आजोबांकडे येऊन गेला होता, 'तुमच्या पोरी आमच्याकडे चहा पिऊन गेल्या, तेव्हा वस्ती आमची.' मागोमाग वकिलांचा माणूस तेच सांगून गेला. बाईंकडून कोणी आलं नव्हतं, पण तिथल्या चहाची बातमी भाजीवालीने आणली होती.

"तुह्या बापाचा शब्द आता तीन घरी पडून आहे," वडील म्हणाले. ते रागावले नव्हते, हे जास्त वाईट होतं. मग त्यांनी विचारलं, "कोनत्या कपात देल्ली?"

"काय?"

"चाय. कोनत्या कपात देल्ली?"

मला आठवावं लागलं. "कपासारखे कप. फुलांचे होते. शेठनं पण त्यातच घेतला."

वडील माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं, जे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या वडिलांना मोठ्या घरी चहा मिळे तो दाराबाहेर, कोनाड्यात ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. पिऊन झाल्यावर तो स्वतः धुऊन पालथा घालून यायचं. दीक्षेनंतर, मी आईच्या कडेवर होते त्या दिवसांत, वस्तीतल्या लोकांनी त्या कपाला हात लावणं सोडलं. चहा नको म्हणून ते निघून येऊ लागले. मग एका निवडणुकीत एका उमेदवाराने पंच आजोबांना घरात बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि आपल्याच कपांतला एक कप त्यांच्या हातात दिला.

"आजोबा बाहेर येऊन रडले," वडील म्हणाले. "म्या पाह्यलं. त्या मानसाले वस्तीनं मत देल्लं. न देऊन करता काय? तवापासून हे चालून राह्यलं."

आई आतून म्हणाली, "अन् त्या मानसानं वस्तीले काय देल्लं?"

"कप देल्ला," वडील म्हणाले. थट्टेने नाही, खरंच.

मग, वर्गात अर्ध्यावर थांबणारा माझा हात जसा कधीतरी चुकून वर जाई, तसं ते तोंडातून निघालं. "बाबा, आता वेगळा कप ठेवला तर पोलीस धरतील. तो गुन्हा आहे. मग तोच कप दिला, तर त्यात उपकार कोणता? आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्येही मला तोच कप मिळतो. मी कँटीनवाल्याला मत देऊ?"

वडिलांच्या ओठांचा कोपरा हलला. "हे ओट्यावर सांगशील?"

"मी?"

"मंग कोन? चाय तू पेली."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर विहाराच्या ओट्यावर सगळे जमले. पुरुष पुढे, बायका मागे, मुलं पायऱ्यांवर. पंच आजोबा मधे बसले होते. पांढऱ्या मिशांचे, मिलमध्ये हयात काढलेले, ऐकायला थोडे कमी. त्यांनी मला समोर बोलावलं.

"ये वं कॉलेजवाली. तीन घरची चाय पचली का?"

हशा झाला.

"शेठ म्हनते वस्ती माही. वकील म्हनते वस्ती माही. तुह्या एवढ्याशा पोटात किती पार्ट्या मावल्या?"

पुन्हा हशा. पण बहीण पायऱ्यांवर बसून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बोटांवर तंबाखूची पिवळी झाक आली होती. परीक्षेआधीच तिने बिड्या वळायला घेतल्या होत्या.

मी म्हणाले, "आजोबा, मी शब्द द्यायला गेले नव्हते. विचारायला गेले होते. पण चहाने शब्द जातो अशी आपली रीत असेल, तर ती दोन्हीकडून असावी. त्या तिघांना इथे बोलवा. आपल्या घरचा चहा द्या. सगळ्यांसमोर आठवीचं विचारा. आपला चहा प्याले, म्हणजे त्यांनी आपल्याला शब्द दिला."

कोणी हसलं नाही. पंच आजोबांनी कानामागे हात धरून ते पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा माझा आवाज मोठा निघाला.

"इथली चाय पेतीन ते?" त्यांनी हळू विचारलं. खरा प्रश्न तोच होता. ओट्यावरच्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या मनात तोच होता.

मागून शेजारच्या मावशी उठल्या. त्यांचा आवाज नेहमीच आख्ख्या वस्तीला पुरायचा. "नाही पेले तं तेबी समजंल ना! आजवर तुमी मानसं पेऊन आले, आमी शिक्के मारले. आमाले कोनी विचारलं, गोड व्हती का फिकी?"

आता हशा बायकांकडून आला. पंच आजोबाही हसले. मग ते उठले आणि म्हणाले, "मी सोता जाऊन बलावनं देतो. अन् एक आयका. नवीन कप आनायचे नाही. आपन ज्यात पेतो, त्यातच."

रविवारी सकाळी विहारासमोर सतरंज्या पडल्या. घराघरातून कप आले, कोणाचा निळ्या काठाचा, कोणाचा बिनकाठाचा, कोणाची नुसती स्टीलची वाटी. चहा आईने केला, भरपूर आलं घालून. तिघेही येतील असं मला वाटलं नव्हतं. पण शेठ येणार म्हटल्यावर वकीलसाहेबांना यावंच लागलं, आणि बाई तर सगळ्यांत आधी आल्या. सुती पातळ, पायात धुळीने भरलेल्या चपला. बरोबर कोणी नाही.

शेठांनी कप हातात घेतला, एका दमात संपवला आणि म्हणाले, "बढिया! आठवी खोलू. शब्द दिला." टाळ्या पडल्या. पंच आजोबांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, कपाचा काठ पुसला, मग प्याले. सहानुभूतीने विचार करण्याचं त्यांनी पुन्हा सांगितलं. मावशी शेजारणीला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पुसला, पर पेला."

बाईंनी कप घेतला आणि तसाच हातात धरला. "ही चहाची रीत मला काल कळली," त्या म्हणाल्या. "म्हणून आधी बोलते, मग पिते. चालेल?"

"बोला," आजोबा म्हणाले.

"येत्या जूनमध्ये इथे आठवी उघडणार नाही. मी निवडून आले तरी नाही. खोल्या नाहीत, शिक्षक नाहीत, आणि मंजुरी यायला वेळ लागतो. मी आयुष्यभर शाळेतच होते, मला माहीत आहे. दोन वर्षं तरी लागतील. तोवर मी मागत राहीन, सोडणार नाही. माझा शब्द एवढाच आहे. एवढ्या शब्दावर चहा मिळत असेल, तर पिते."

टाळ्या पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघू लागले. शेठ हसून म्हणाले, "बाई, इलेक्शन ऐसा नहीं लडते."

"प्या बाई," पंच आजोबा म्हणाले. "थंडी होऊन राह्यली."

बाईंनी चहा संपवला. मग विचारलं, "आठवीत जाणारी मुलगी कोणती?"

बहीण उभी राहिली.

"दोन वर्षं तू काय करशील?"

"बिड्या," बहीण म्हणाली.

ती रडवेली होऊन बोलली असती तर बरं झालं असतं. तिने ते नुसतं सांगितलं, नाव सांगावं तसं.

बाईंनी तिच्या वडिलांची चौकशी केली. माझे वडील उभे राहिले. मिलच्या साहेबासमोर उभे राहत तसे, दोन्ही हात पोटावर धरून. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्यांनी हात खाली सोडले.

"डब्यांखालून पाठवू नका, तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण फाटकाचा रस्ता आहे ना?"

"फाटक लांब पडते, बाई. एकट्या पोट्टीले कसं धाडू? मी पहिल्या पाळीत. सोडनार कोन?"

"ते मला कसं ठरवता येईल?" बाई म्हणाल्या. "आठवी आम्हा तिघांकडे मागा, जरूर मागा. पण या मुलीचा जून आमच्यापैकी कोणाच्याच हातात नाही."

वस्तीला ते आवडलं नाही. मागायला बोलावलं आणि उलट आपल्यालाच सांगून गेली, असं त्या दिवशी नळावर बरंच बोललं गेलं. वडील संध्याकाळी विहारात गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पेटी वाजवत बसले.

मतदानाच्या आदल्या दिवशी पंच आजोबांनी ओट्यावरून सांगितलं, "चाय तिघांनीबी पेली, आपनबी पेलो. हिशोब फिटला. ज्याले ज्याचं पटलं त्यानं तिथं शिक्का मारा." वस्तीत असं पहिल्यांदाच घडत होतं. रात्रीची भाकरी होईपर्यंत नवरा-बायकोचे वाद ऐकू येत होते. आम्हाला मजा वाटली.

केंद्र आमच्याच शाळेत होतं. मी बायकांच्या रांगेत, वडील पुरुषांच्या. शिक्का हातात घेतला तेव्हा मला काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. तिघांपैकी फक्त एका माणसाने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. बाकी दोघांनी मला पाहिजे ते ऐकवलं होतं. मी छत्रीवर शिक्का मारला, कागदाची घडी केली आणि पेटीत टाकली.

बाहेर वडील चिंचेखाली थांबले होते.

"छत्री?" त्यांनी विचारलं.

"सांगत नाही. मतदान गुप्त असते."

"मंग मीबी नाही सांगत."

आम्ही चालायला लागलो. शाळेच्या दाराशी आल्यावर ते सहज म्हणाले, "मिलमंदी बोललो. दुसरी पाळी मागतली. जूनपासून देतो म्हनते साहेब."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. दुसरी पाळी दुपारी सुरू होई. सकाळ मोकळी.

"अन् पेटी?" मी विचारलं. दुसऱ्या पाळीतला माणूस संध्याकाळी विहारात बसू शकत नाही.

"पेटी कोनीबी वाजवंल. पोट्टीले फाटकावरून दुसरं कोन नेईल?"

निवडून शेठ आले. बाईंना आमच्या वस्तीतून बरीच मतं पडली असावीत असं पंच आजोबांचं मत होतं, पण वॉर्डात ती पुरली नाहीत. निवडून आलेल्या माणसाला त्या सतरंजीवरचा चहा मात्र महागात पडला. शेठ रस्त्यात दिसले की मावशी हाक मारत, "काहो शेठ, आमची चाय पेली व्हती ना?" टालीवर लाकडं आणायला गेलेली प्रत्येक बाई तेच विचारी. बहीण दहावीत गेली त्या वर्षी आमच्या शाळेत आठवी उघडली. बाईंचा अंदाज बरोबर निघाला.

जूनमधली ती पहिली सकाळ मात्र मला जास्त आठवते. वडिलांनी सायकल पुसली, मागच्या कॅरिअरला पोत्याची घडी बांधली. बहिणीने नवा निळा फ्रॉक घातला होता आणि दप्तर पोटाशी धरलं होतं. परत आणायचं काम माझ्याकडे होतं. ते दोघं बाजाराकडे निघून गेले आणि मी दारातच उभी राहिले. समोर मालगाडी उभी होती, कोळशाने काठोकाठ भरलेली. दोन डब्यांच्या मधल्या फटीतून पलीकडचा रस्ता दिसत होता. मी त्या फटीवर डोळे लावून वाट बघत राहिले. फाटकाचा वळसा खरंच लांब होता. आईने आतून दोनदा विचारलं, "दिसले का वं?"

मग पलीकडच्या रस्त्यावर सायकल आली. चढ होता म्हणून वडील उतरून ती ढकलत होते. बहीण तशीच वर बसलेली होती, ताठ.

"दिसले," मी म्हणाले.